झेंड्यांच्या मधलं पाणी

मे महिन्यात समुद्र उबदार असतो हे हर्णैला जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. 'मेच्या सुट्टीत आम्ही भावंडं दुपारभर पाण्यात असायचो आणि आई काठी घेऊन किनाऱ्यावर आली तरी बाहेर यायचो नाही,' हे जयंतने मला लग्नानंतर किमान शंभरदा ऐकवलं असेल. मी पुण्याची, सदाशिव पेठेतली. पाणी म्हणजे नळाला येतं ते, एवढंच माझं ज्ञान. त्यामुळे समुद्राच्या बाबतीत नवरा बोलेल ते मी मुकाट्याने ऐकायचे. बाकी कुठल्याच बाबतीत मी कुणाचं मुकाट्याने ऐकलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकते.

हे सगळं मी आता का लिहितेय असं विचारू नका. लिहून माझी सुटका होणार नाही, आणि व्हावी अशी माझी लायकीही नाही. पण गेली दहा वर्षं मी हा प्रसंग सगळ्यांना खोटा सांगत आले आहे. पोलिसांना, मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरला, सासूबाईंना, इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना. एकदा तरी तो घडला तसा कुठेतरी लिहिलेला असावा.

१९८९ साल. इंग्लंडात मे महिना कधी नव्हे तो तापला होता. वॉटफर्डला आमच्या शेजारचा म्हातारा उघडाबंब होऊन बागेत खुर्ची टाकून बसायचा आणि मला बघून 'जस्ट लाइक युअर इंडिया' म्हणायचा. जयंत तेव्हा वृद्धांच्या वॉर्डात रजिस्ट्रार डॉक्टर होता. आपल्या डॉक्टरांना त्या काळी तेच वॉर्ड मिळायचे, गोऱ्यांना नकोसे झालेले. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला रश्मीच्या शाळेच्या सुट्टीत आठवडाभर रजा मिळाली. रश्मी नऊ वर्षांची, आमची एकुलती एक. त्याने एक रंगीत पुस्तिका आणली. कॉर्नवॉलची. मुखपृष्ठावर चक्क ताडाची झाडं, निळं पाणी, आणि खाली लिहिलेलं की हा इंग्लंडातला सर्वांत उबदार किनारा.

"बघ, कोकणच आहे," तो म्हणाला. "फक्त मासळीचा वास नाही."

"मला नाही पाण्यात उतरायचं," मी म्हणाले.

त्याला कारण माहीत होतं. आदल्या वर्षी आम्ही बोर्नमथला गेलो होतो. मी पंजाबी ड्रेस घालून गुडघाभर पाण्यात उतरले. स्विमिंग कॉस्च्यूम मी घालणार नव्हते आणि माझ्याकडे तो नव्हताही. लाट आली, कपडे भिजले, अंगाला चिकटले, ओढणी पाण्यावर पसरली. शेजारी दोन बाया उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीला मोठ्याने म्हणाली, "लूक, शी इज डूइंग हर लॉन्ड्री." दोघी खो खो हसल्या. मग त्यांची पोरंही हसली. मला इंग्रजी येत नाही असं त्यांना वाटलं असेल, किंवा येत असलं तरी त्यांना फरक पडत नसेल. मी ओल्या कपड्यांनिशी गाडीत जाऊन बसले आणि वॉटफर्ड येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही. रश्मीने मागच्या सीटवरून विचारलं, "आई, तू सॅड आहेस?" तर तिच्यावरही खेकसले.

"या वेळी गर्दीपासून लांब जाऊ," जयंतने कबूल केलं. "तुला कुणी बघणार नाही असं शोधून काढतो की नाही बघ."

तो खरंच मला सुखात ठेवण्यासाठी धडपडायचा. मी ते तेव्हा फारसं मनावर घ्यायचे नाही.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, आम्ही त्या किनाऱ्यावर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. लाइफगार्डच्या लाकडी खोलीबाहेर एक काळा फळा होता आणि त्यावर खडूने लिहिलेलं होतं: हवा सव्वीस, पाणी तेरा, भरती चार वाजता. जयंतने तो फळा नीट वाचला, हे मी शपथेवर सांगेन. वाचून तो खूश झाला.

"चारला भरती, म्हणजे आता पाणी चढतंय. ओहोटीला उतरायचं नाही, एवढं पाळलं की काळजी नाही. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल."

"पण पाणी तेरा म्हणजे गार नाही का रे?"

"सकाळी मोजलं असेल. ऊन बघ केवढं पडलंय! आणि मे महिना आहे, वीणा."

मे महिना. पुढे मी शिकले की इथला समुद्र उन्हाच्या दोन महिने मागे चालतो. जमीन मे महिन्यात तापली तरी पाण्यात अजून हिवाळाच असतो, आणि ते जरा सुसह्य होतं ते ऑगस्टच्या शेवटी, शाळा उघडायच्या सुमारास. हर्णैच्या माणसाला हे कुठून कळणार? तिथे मे आणि पाणी यांची गाठ पक्की बसलेली. कोकणात शिकलेलं सगळं तो सोबत घेऊन आला होता, आणि त्यातलं काहीच इथे लागू नव्हतं. पण मी त्याच्यावर ढकलत नाही. तेवढ्याने तो मेला नसता.

किनाऱ्याच्या मधोमध दोन झेंडे रोवलेले होते, वर लाल आणि खाली पिवळा. त्या दोन झेंड्यांच्या मध्येच सगळी माणसं पाण्यात होती, नुसती खचाखच. दोन्ही बाजूंना मैलभर किनारा मोकळा आणि ही माणसं एकमेकांच्या अंगावर का पडतायत, मला कळेना. लाल रंग म्हणजे धोका, एवढं आपल्याला ठाऊक. मी मनात म्हटलं, बघा यांची अक्कल, लाल झेंड्यापाशीच डुंबतायत. डाव्या हाताला खडक होते आणि खडकांच्या पलीकडे एक छोटा कोपरा दिसत होता. तिथे चिटपाखरू नव्हतं. तिथल्या पाण्यावर लाटही फुटत नव्हती. सगळीकडे पांढरा फेस आणि तिथे मात्र गुळगुळीत गडद पट्टा, थेट आतपर्यंत गेलेला.

"तिकडे जाऊ," मी म्हणाले. मी म्हणाले, जयंत नाही.

तो टॉवेल, छत्री आणि डब्याची पिशवी घेऊन पुढे निघाला. रश्मी कुठे गेली म्हणून मी मागे पाहिलं तर ती लाइफगार्डच्या खुर्चीपाशी उभी. तिला प्रश्न विचारायची भारी हौस होती तेव्हा. पाट्या वाचायची, आणि जी कळली नाही तिचा अर्थ जो दिसेल त्याला विचारायची. ती धावत माझ्याकडे आली.

"आई, आपण तिकडे नाही जायचा. तो लाइफगार्ड म्हणाला, ओन्ली बिटवीन द फ्लॅग्ज. रॉक्सच्या बाजूचा पाणी आत ओढते. ही सेड इट लुक्स काम, शांत, बट इट इजन्ट."

नऊ वर्षांच्या मुलीने याहून स्पष्ट काय सांगायचं?

मी त्या झेंड्यांमधल्या गर्दीकडे पाहिलं. तिथे बोर्नमथसारख्याच बाया होत्या, तशाच हसणाऱ्या. माझ्या अंगात फिकट गुलाबी ड्रेस होता, आणि तो भिजल्यावर कसा दिसेल ते मला ठाऊक होतं.

"मी त्या नागड्याउघड्या गर्दीत पाय ठेवणार नाही," मी म्हणाले. "आणि तू मला शहाणपणा शिकवू नकोस."

"बट आई, ही सेड..."

"रश्मी. गप्प. आता एक शब्द नकोय मला."

जयंत पुढे दहा पावलांवर थांबला. "काय म्हणतेय ती?"

"काही नाही," मी म्हणाले. "आइस्क्रीम पाहिजे म्हणतेय."

हे माझं वाक्य. दहा वर्षं मी ते दिवसातून एकदा तरी ऐकते. त्यात राग नव्हता, काही डाव नव्हता. वाद नको होता, बस. त्याला कळलं असतं तर तो परत फिरला असता, आणि मला एक तर त्या बायांच्या देखत भिजावं लागलं असतं किंवा वाळूत बसून राहावं लागलं असतं. तेवढ्यासाठी.

"मग घेऊ की," तो म्हणाला, आणि सामान माझ्यापाशी ठेवून रश्मीचा हात धरून आइस्क्रीमच्या व्हॅनकडे गेला. जाता जाता तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. व्हॅनपाशी रांग होती. दहा मिनिटं ती दोघं रांगेत उभी होती आणि मी लांबून बघत होते, ही सांगते की काय. ती नाही बोलली. आईने एक शब्द नको म्हटलं होतं ना. परत आली तेव्हा तिच्या हातात कोन होता आणि तो वितळून मनगटावर ओघळत होता.

खडकांपलीकडे गेलो. कुणी नव्हतं. मला इतकं मोकळं वाटलं की मी हसले. पाण्यात पाय टाकला आणि माझा श्वासच अडकला. हाडं दुखायला लागली, म्हणजे खरोखरच दुखायला लागली. मी ओरडून मागे आले. जयंत हसत सुटला. "एकदा डोकं बुडवलं की काही वाटत नाही," म्हणाला, आणि धावत जाऊन सूर मारला. वर आला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं. तो काही सेकंद नुसता धापा टाकत होता, पण बघणाऱ्याला वाटावं की मजा करतोय. मग हात मारायला लागला. छान पोहायचा तो. लांब, संथ हात.

पाच मिनिटांत तो फार लांब गेला होता. एवढ्या लवकर एवढ्या लांब कसा, असं मनात आलं आणि लगेच कौतुकही वाटलं. मग तो वळला. आमच्याकडे तोंड करून सरळ पोहायला लागला, जोर लावून. आणि जवळ येईना. मी खडकावरचा एक पांढरा डाग धरून बघत होते. तो डागाच्या उजवीकडे होता, मग डागापाशी, मग डागाच्या मागे. पोहत होता आमच्याकडे आणि जात होता आत. त्याने आडवं पोहायला हवं होतं, किनाऱ्याला समांतर, ओढीच्या बाहेर. हे मला आता माहीत आहे. आता मला सगळंच माहीत आहे.

मग त्याचे हात पाण्याबाहेर येईनासे झाले.

"तू इथेच थांब," मी रश्मीला म्हणाले. "बाबांवर लक्ष ठेव. नजर हलवू नकोस."

आणि मी खडकांवरून धावले. खडकांमधल्या पाण्यात दोनदा पडले. झेंड्यांपाशी पोचले तेव्हा ओला ड्रेस अंगाला चिकटलेला होता आणि सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. तेव्हाही, नवरा बुडत असतानाही, मी लाइफगार्डला हाक मारण्याआधी ओढणी सारखी केली. एक सेकंद लागला असेल त्याला. त्या हाताची मला आजही किळस येते.

दोन लाइफगार्ड पोरगे तरंगत्या फळ्या घेऊन पाण्यात गेले. त्यांनी जिवाचं रान केलं, मी त्यांना दोष देत नाही. वीस मिनिटांनी जयंतला वाळूवर आणलं. माझ्या मुलीने ती सगळी वीस मिनिटं नजर हलवली नव्हती. मी सांगितलं होतं तसं.

हॉस्पिटलमधल्या कोवळ्या डॉक्टरने मला समजावलं की इतक्या गार पाण्यात पोहणाऱ्याचे हातपाय दहा-पंधरा मिनिटांत काम करेनासे होतात, कितीही पट्टीचा पोहणारा असो. शरीर आतले अवयव वाचवायला बघतं आणि हातांना सोडून देतं. 'तुमचे मिस्टर डॉक्टर होते, त्यांना हे माहीत असणार' असंही तो हळूच म्हणाला. असणारच. त्याच्या वॉर्डात हिवाळ्यात दर आठवड्याला एखादी गारठलेली म्हातारी यायची. पण त्याच्या मनात गारठणं म्हणजे जानेवारी, बंद हीटर. मे महिन्यातला समुद्र त्यात कुठेच नव्हता.

संध्याकाळी एक पोलीस अधिकारी आला. चांगला माणूस होता, त्याने रश्मीला दूध आणि बिस्किटं दिली. मग वही काढून मला विचारलं, झेंड्यांचा अर्थ तुम्हाला माहीत होता का?

रश्मी माझ्या शेजारी होती. तिचा हात माझ्या हातात होता.

"नो," मी म्हणाले. "आम्ही परके आहोत इथे. कुणीच आम्हाला सांगितलं नाही. मुलीला आइस्क्रीम हवं होतं, आम्ही त्या गडबडीत होतो."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात जरा दाबला. तो मायेने दाबला की गप्प बसवायला, ते माझं मलाच सांगता येणार नाही. नाही, येईल. गप्प बसवायला.

गिरीश आणि मीनल इल्फर्डहून रात्रभर गाडी चालवत आले आणि आम्हाला घरी घेऊन गेले. मीनल माझी जुनी मैत्रीण, गिरीश तिचा नवरा. गाडीत तिने विचारलं, मी तेच सांगितलं. हर्णैला फोन लावला, सासूबाईंना तेच सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "समुद्राने माझं पोर नेलं, तेही परक्या समुद्राने." सप्टेंबरमध्ये इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूची चौकशी झाली, तिथे शपथेवर तेच सांगितलं. कोरोनरने निकाल दिला, डेथ बाय मिसॲडव्हेंचर, म्हणजे अपघाती मृत्यू. शिवाय कौन्सिलला सुचवलं की बाहेरच्या पाहुण्यांना कळेल अशा चित्रांच्या पाट्या लावाव्यात. कौन्सिलने लावल्याही. मला पत्र आलं, सोबत पाटीचा फोटो. म्हणजे माझ्या खोटेपणाने कुणाचा तरी जीव वाचला असेल. हा विचार मी पुष्कळ वेळा करून पाहिला. त्याने काही होत नाही.

खोटं सारखं सांगितलं की त्याला स्वतःचे हातपाय फुटतात. दोन वर्षांनी मीनलने आग्रह धरला की मंडळाच्या समर पिकनिकच्या आधी तू सगळ्यांना सांगत जा, समुद्रावर काय काळजी घ्यायची. मी सांगायला लागले. वाचून वाचून सगळं गोळा केलं. पंधरा अंशांखाली पाणी असेल तर उडी मारायची नाही, हळूहळू उतरायचं. श्वास अडकला तर पोहायचं नाही, पाठीवर तरंगत राहायचं. गुळगुळीत पाणी दिसेल तिथे जायचं नाही. ओढीत सापडलात तर आडवं पोहा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच राहा. मराठीत लिहून झेरॉक्स काढून वाटायचे. "वीणाताई, केवढं मन मोठं तुमचं," लोक म्हणायचे. कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचं. "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो," हे मी शेवटी न चुकता म्हणायचे. रश्मी पहिल्या रांगेत बसलेली असायची.

ती पोर बदलली. प्रश्न विचारायची थांबली. काही पडलं, फुटलं, दुसऱ्याने फोडलं तरी हिचं आधी 'सॉरी'. शाळेतल्या बाई म्हणाल्या, फार शहाणी मुलगी आहे, जरा जास्तच. दर शनिवारी सकाळी ती वॉटफर्डच्या पोहण्याच्या तलावावर जायची आणि डोळे लाल होईपर्यंत पोहायची. मी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं?

तेरा वर्षांची असताना एका रविवारी ती भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, त्या दिवशी मी तुला फ्लॅग्जचा सांगितला होता ना? मला असं आठवते. पण मला शुअर नाही."

हातातली कढई मी घासतच राहिले. चार वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि उत्तर माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"नाही गं. तू आइस्क्रीम मागत होतीस."

"ओह," ती म्हणाली. "ओके." आणि पुढची ताटली पुसायला घेतली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. असली आई मी.

ती मँचेस्टरला फिजिओथेरपी शिकायला गेली. यंदा, नव्याण्णवच्या ईस्टरला घरी आली होती. एका दुपारी चहा घेत होतो, तर तिने टेबलावर काही कागद ठेवले. उन्हाळ्यात तीन महिने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर लाइफगार्ड म्हणून काम करण्यासाठीचा अर्ज. सगळ्या परीक्षा तिने आधीच दिल्या होत्या, मला न सांगता.

"वाचशील का?" ती म्हणाली. "काही राँग असेल तर सांग."

मी चष्मा लावला. नाव, पत्ता, सर्टिफिकेट्स. दुसऱ्या पानावर प्रश्न होता की तुम्हाला हे काम का करायचं आहे. तिच्या बारीक अक्षरात तिने इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत सांगायचं तर असं: 'मी नऊ वर्षांची असताना माझे वडील या किनारपट्टीवर बुडाले. झेंड्यांचा अर्थ आमच्या घरात फक्त मला माहीत होता, कारण मी लाइफगार्डला विचारलं होतं. मला आइस्क्रीम हवं होतं, म्हणून मी तो कुणाला सांगितला नाही. रांगेत मी वडिलांच्या शेजारी दहा मिनिटं उभी होते. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं होऊ नये असं मला वाटतं.'

मी ते दोनदा वाचलं.

"मला तुला सांगायचा होता," ती म्हणाली. "खूप वर्षं. तू सगळ्यांना म्हणायची की कुणीच सांगितला नाही, आणि मला माहीत होता, आई. मला माहीत होता. आय न्यू. मी क्यूमध्ये बाबाला सांगू शकली असती. एव्हरी सिंगल डे आय थिंक अबाउट इट."

एक वाक्य पुरलं असतं. तू मला सांगितलं होतंस आणि मी तुला गप्प केलं. एवढं बोलले असते तर ही मुलगी त्या क्षणी मोकळी झाली असती. दहा वर्षांचा धोंडा तिच्या छातीवरून उचलून तो जिचा आहे तिच्या छातीवर ठेवायचा होता, दुसरं काही नाही. माझं तोंड उघडलं होतं. शब्द तयार होते.

मग मी तिच्याकडे पाहिलं. जयंतचे डोळे आहेत तिला. ते खरं कळल्यावर माझ्याकडे कसे बघतील ते मला दिसलं. ती उठेल, कागद उचलेल, मँचेस्टरची गाडी पकडेल आणि परत येणार नाही. या घरात मी एकटी राहीन. मला भीती वाटली, बस. दुसरं काही कारण नाही. उगाच तिच्या भल्याचा मुलामा मी त्यावर देणार नाही.

"तू लहान होतीस गं," मी म्हणाले. "तुझ्यावर माझा राग नाही. कधीच नव्हता."

तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती रडायला लागली. इतकं मोकळेपणाने मी तिला नऊ वर्षांची असल्यापासून रडताना पाहिलं नव्हतं. "आय थॉट यू ब्लेम्ड मी," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "आय थॉट दॅट्स व्हाय यू नेव्हर टॉक्ड अबाउट इट." मग तिने माझा हात ओढून गालाला लावला आणि म्हणाली, "थँक यू, आई."

अशी मी माझ्या मुलीला क्षमा केली. तिने ती घेतलीसुद्धा, दोन्ही हातांनी. त्या संध्याकाळी ती दोनदा भात मागून जेवली आणि मीनलला फोन करून कितीतरी वेळ हसत बोलली. खूप हलकं वाटतंय, असं मला तिने स्वतःहून सांगितलं. आता ती सगळं नीट सांगेल, जिथे जाईल तिथे, अर्जात, मित्रांना, उद्या नवऱ्याला आणि मुलांना, की माझ्या चुकीने बाबा गेले पण आईने मला माफ केलं.

अर्जात तिने एक शब्दही बदलला नाही. सोमवारी कामावर जाताना तो लिफाफा मीच पोस्टात टाकला.